पेंग्विन घरी आलाय, थोडं ॲडजस्ट करा!

विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि चांगला चालता लॅपटॉप एका रात्रीत 'जुना' ठरला. मग लिनक्स टाकलं. आणि सुरू झाली प्रिंटर, आयफोन, हेडफोन, नेटफ्लिक्स अशा घरातल्या सगळ्या मंडळींशी त्याची ओळख करून देण्याची धमाल!

माझ्या लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची स्टोरी ऐकली की लोक पहिल्यांदा हेच विचारतात. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशांनी बसवून घेतलेली एसएसडी. की-बोर्डवरचं 'ए' पुसलं गेलंय, पण बोटांना कुठे वाचायला लागतं! असा आलबेल कारभार चालू असताना १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. आणि विंडोज ११ला माझा प्रोसेसर चालेना. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे अवघ्या एका पिढीने हुकला. एका मार्काने फर्स्ट क्लास जावा तसं!

ऑक्टोबर २०२६पर्यंत सिक्युरिटी अपडेट्स मिळवण्याची एक सोय होती म्हणा. पण ती म्हणजे घरमालकाने 'बरं, अजून एक वर्ष राहा' म्हणण्यासारखी. वर्षभराने सामान उचलायचंच.

'नवीन घे ना मग,' आई म्हणाली. आई, फ्रीलान्सर मुलीला असं बोलू नये गं. माझी तीन ठिकाणची बिलं अडकलेली होती आणि चौथ्या ठिकाणचा लेख सोमवारी सकाळी दहाला जायचा होता. त्यातल्या मुख्य मुलाखतीसाठी तीन आठवडे मागे लागल्यावर कुठे रविवारी संध्याकाळी सहाची अर्ध्या तासाची वेळ मिळालेली. व्हिडिओ कॉलवर. हा लेख गेला असता तर त्या महिन्याचं भाडंही गेलं असतं.

अशा वीकेंडला कोणी शहाणा माणूस ऑपरेटिंग सिस्टिम बदलेल? मी बदलली. कारण मला हे सगळं करून देणारा एकुलता एक मित्र रविवारी पहाटे ऑनसाइटला उडणार होता आणि त्याच्याकडे फक्त शुक्रवारची रात्र होती.

'अगं, मिंट टाक. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघ, आवडलं तरच इन्स्टॉल करू,' तो म्हणाला. हा फंडा मला जाम आवडला. लग्नाआधी भेटून घेण्यासारखा! पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू झालं, लॅपटॉपमधलं काही न पुसता. वाय-फाय लागलं, आवाज आला, स्क्रीनचा ब्राइटनेस वर-खाली झाला. मग माझ्या सगळ्या फाइल्स बाहेरच्या हार्डडिस्कवर काढल्या (ही पायरी गाळू नका हं, प्लीज) आणि वडापाव संपेपर्यंत इन्स्टॉल झालंसुद्धा.

वाय-फाय आपोआप लागलं म्हणून मी काहीच बोलले नाही, तर मित्र दुखावलाच. त्याच्या कॉलेजच्या काळात उबुंटूच्या सीडी फुकटात पोस्टाने घरी यायच्या. २०११ला ती योजना बंद झाली. सीडी यायची, पण वाय-फाय येईलच याची गॅरंटी नसायची. मग विंडोजचा ड्रायव्हर काढायचा, तो एनडीआयएसरॅपर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये गुंडाळायचा आणि लिनक्सला फसवून खायला घालायचा. एवढं करून नेट लागलं, की हॉस्टेलमध्ये पार्टी. 'तुमच्या पिढीला सगळं आयतं,' असं म्हणून त्याने माझा उरलेला वडापावही खाल्ला.

भांडण मुळात प्रिंटरचं!

शनिवारी सकाळी पहिली परीक्षा बाबांच्या प्रिंटरची. जुना, छोटा, काळा लेझर प्रिंटर. प्रत्येक सीएच्या ऑफिसात असतो तसला. केबल लावली, स्क्रीनवर प्रिंटरचं नाव आलं. प्रिंट दिली. ढिम्म! कागद हलेना.

मित्राने फोनवर हसून कारण सांगितलं. काही स्वस्त लेझर प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आपण कसं चालायचं हे, लक्षातच ठेवत नाहीत. दर वेळी चालू केले, की कॉम्प्युटरने त्यांना ते नव्याने सांगायचं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. लिनक्सला ती फाइल एकदा वेगळी डाउनलोड करून द्यावी लागते, कारण ती कंपनीच्या मालकीची असते आणि मिंटच्या पेनड्राइव्हमध्ये घालून वाटायची परवानगी नसते. फाइल दिली. प्रिंटर खोकला, आणि बाबांचं मेडिक्लेमचं पान बाहेर आलं.

गंमत म्हणजे हे सगळं प्रकरण सुरूच झालंय एका प्रिंटरपासून. १९८०च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला होता. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला त्यात थोडा बदल करायचा होता. कागद अडकला, की सगळ्यांना मेसेज जावा, बस्स. पण प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड त्याला मिळाला नाही. ज्याच्याकडे होता, त्याने 'कोणाला देणार नाही' असं सही करून दिलं होतं. स्टॉलमनच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. १९८३ला त्याने जीएनयू प्रोजेक्ट जाहीर केला. १९९१ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्यात बसेल असा कर्नल लिहिला, आणि दोघांचं मिळून आज माझ्या टेबलावर आहे ते तयार झालं.

प्रिंटरच्या बाबतीत आता हाल फारसे नाहीत. लिनक्समध्ये कप्स नावाची जी प्रिंटिंग सिस्टिम असते, तीच ॲपलने २००२ला मॅकमध्ये घेतली आणि २००७ला विकतही घेतली. त्यामुळे नवा प्रिंटर घेताना एक सोपा नियम लक्षात ठेवा : आयफोनवरून थेट प्रिंट काढता येणारा वाय-फाय प्रिंटर बहुतेक वेळा लिनक्सलाही न सांगता सापडतो. दुकानदाराला 'लिनक्सवर चालेल का?' विचारलंत, तर तो तुमच्याकडे संशयाने बघेल. 'आयफोनवरून प्रिंट निघते का?' विचारा.

डॉक्टरसाहेब आणि कोविद

दुपारी ताई आली. हातात आयफोन, फोनमध्ये पिल्लूच्या बारशाचे साडेचारशे फोटो आणि चेहऱ्यावर 'तुझ्या त्या पेंग्विनला जमणार नाही' असा भाव. केबल लावली. फोनवर 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?' असं आलं. ताईने ठेवला (माझ्यावर कधी ठेवत नाही) आणि फोटोंचं फोल्डर उघडलं! ॲपलच्या फॉरमॅटमधले फोटो दिसायला एक छोटं पॅकेज टाकावं लागलं, तेवढंच.

हे कोणी करून ठेवलं? ॲपलने नाही. २००७ला पहिला आयफोन आला, त्याच वर्षी काही हौशी मंडळी तो केबलवरून कॉम्प्युटरशी काय बोलतो ते ऐकत बसली आणि त्यावरून ती भाषा शिकली. त्यातून लिबआयमोबाइलडिव्हाइस नावाची लायब्ररी तयार झाली. ती गुपचूप मिंटमध्ये बसलेली असते. ताईला यातलं काही ठाऊक नाही. तिने फोटो घेतले, चहा घेतला आणि गेली.

अशा मंडळींच्या कहाण्या वाचत मी शनिवारची पूर्ण दुपार घालवली. मुलाखतीचे प्रश्न काढायचे सोडून! फ्रान्समध्ये मिशेल क्झार्ड नावाचे एक डॉक्टर होते. प्रोग्रॅमर नाही, पेशंट तपासणारे डॉक्टर. वेबकॅमच्या कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी फावल्या वेळात स्वतः लिहायला घेतले आणि दोनशेहून जास्त वेबकॅम चालू करून दिले! पुढे ते काम २००८ला लिनक्सच्या कर्नलमध्येच गेलं. आता बहुतेक नवे वेबकॅम एका ठरलेल्या स्टँडर्डवर चालतात, त्यामुळे असा उपद्व्याप क्वचितच करावा लागतो. पण माझ्या कपाटात पडलेला कॉलेजच्या काळातला गोल, डोळा वटारलेला वेबकॅम मी मुद्दाम लावून बघितला. चालला.

दुसरा किस्सा आपल्याकडचा. २००६ला सोनीचं एक ई-बुक रीडर आलं. कोविद गोयल (हो, हेच नाव. २०२०मध्ये त्याने काय काय ऐकून घेतलं असेल, देव जाणे) हा भारतीय तरुण तेव्हा विद्यार्थी होता. ते यंत्र लिनक्सशी बोलेना. या पठ्ठ्याने यूएसबीवरची त्याची भाषा उलगडली, प्रोग्रॅम लिहिला आणि वाढवत नेला. त्याचं पुढे झालं कॅलिबर! माझ्या विंडोजवर ते चार वर्षं होतं. किंडल, कोबो, कुठल्याही रीडरवर पुस्तकं चढवायची तर लोक हेच वापरतात, आणि विंडोज-मॅकवालेही आनंदाने वापरतात. एका लिनक्सवाल्याच्या वैतागातून ते आलंय हे मला त्या दुपारी कळलं.

विहिरीतून आवाज

रविवार. पावणेसहा. मुलाखत ज्यांची घ्यायची त्यांच्या ऑफिसातून टीम्सची लिंक आली. मायक्रोसॉफ्टचं टीम्स! माझ्या पोटात गोळा. टीम्सचं लिनक्ससाठीचं ॲप २०१९ला आलं होतं, २०२२च्या डिसेंबरात ते बंद झालं. पण ब्राउझरमध्ये चालतं. क्रोममध्ये लिंक उघडली, कॅमेरा लागला, हुश्श म्हटलं. ब्लूटूथ हेडफोन कानाला लावला आणि भावाला टेस्ट कॉल केला.

'ताई, तू विहिरीत पडलीस का?'

मलाही त्याचा आवाज १९८५च्या ट्रंक कॉलसारखा येत होता. सहाला दहा मिनिटं. मित्र विमानात. तळहात ओले. मनात आलं, चुकलंच. पाचशे रुपयांचं नसतं धाडस केलं आणि महिन्याचं भाडं घालवलं.

मग सेटिंग्जमध्ये आवाजाच्या पानावर गेले आणि कारण तिथेच दिसलं. ब्लूटूथ हेडफोनचे दोन मोड असतात. एकात झकास स्टिरिओ आवाज येतो, पण माइक बंद. दुसऱ्यात माइक चालू, पण आवाज टेलिफोनचा. कॉल सुरू झाला, की हेडफोन दुसऱ्या मोडमध्ये जातो. याचा लिनक्सशी काही संबंधच नाही, ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीचाच हा भाग आहे. विंडोजवरही हे होतं. मी माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला, हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवला. आवाज स्वच्छ! तुमच्या ऑफिसच्या कॉलवरही करून बघा. सहाला एक मिनिट कमी असताना मी हसतमुख चेहऱ्याने हजर होते. अर्ध्या तासाचे चाळीस मिनिटं झाले, त्यांनी दोन गोष्टी अशा सांगितल्या, की लेखाची सुरुवातच बदलली.

इथे कुलूप आहे

रात्री डोकं शांत करायला नेटफ्लिक्स लावलं. फायरफॉक्सने विचारलं, डीआरएम चालू करू का? हो म्हटलं, की चाललं. पण ४के विसरा. वाइडवाइन नावाचं जे कुलूप-किल्लीचं सॉफ्टवेअर असतं, ते लिनक्सच्या डेस्कटॉपवर फक्त खालच्या पातळीचं मिळतं, आणि उत्तम क्वालिटीचं चित्र त्या पातळीला दिलं जात नाही. माझी स्क्रीन कुठे ४के आहे, म्हणून माझं अडलं नाही. मोठा टीव्ही जोडणाऱ्यांचं अडेल.

इथे मला फरक कळायला लागला. प्रिंटर, वेबकॅम, आयफोन यांच्या बाबतीत 'कोणी सांगितलं नाही' एवढाच प्रॉब्लेम होता. कोणीतरी चिकाटीने शोधून काढलं, की सुटला. सेवांच्या बाबतीत मात्र दार मुद्दाम लावलेलं असतं. आणि ते उघडायला गेलात तर पोलीसही येऊ शकतात! अतिशयोक्ती नाही. १९९९ला नॉर्वेमधल्या यॉन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाने दोन निनावी साथीदारांबरोबर डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्रॅम बाहेर आणला. त्याचं म्हणणं, मी पैसे देऊन घेतलेली डीव्हीडी मला लिनक्सवर बघता यावी म्हणून. पुढच्या वर्षी त्याच्या घरावर छापा पडला, खटला चालला. २००३च्या जानेवारीत तो निर्दोष सुटला, त्याच वर्षी डिसेंबरात वरच्या कोर्टानेही तेच सांगितलं. तोवर पोरगं वीस वर्षांचं झालेलं!

गेमवाल्यांनाही हे कुलूप चांगलंच ओळखीचं आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ला प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालायला लागले. त्यांचं स्टीम डेक हे हातात धरायचं मशीन २०२२ला आलं, ते लिनक्सवरच चालतं. पण 'व्हॅलोरंट' नाही चालत, कारण त्याचं चोर पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतं. 'एपेक्स लेजंड्स' चालत होतं. २०२४च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं, चीटिंगचं कारण देऊन. माझा भाऊ यावर दोन तास बोलू शकतो, म्हणून त्याला इथे जागा देत नाही.

बाकीच्या रोजच्या सेवांचं तसं बरं आहे. स्पॉटिफायचं लिनक्स ॲप आहे, आणि ते आमचे इंजिनिअर फावल्या वेळात सांभाळतात असं कंपनी स्वतःच सांगते. झूम आहे, स्लॅक आहे, ड्रॉपबॉक्स आहे. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये. गूगल ड्राइव्हची गंमत बघा : २०१२ला ड्राइव्ह आलं, पण लिनक्ससाठी अधिकृत ॲप आजतागायत नाही. आणि त्याच गूगलचा अँड्रॉइड चालतो लिनक्सच्या कर्नलवर! म्हणजे तुमच्या खिशात लिनक्स चालतं, टेबलावर चालत नाही. मी आरक्लोन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, पंधरा मिनिटं डोकं खाजवलं, आणि आता ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखं दिसतं. इन्कम टॅक्सचं रिटर्न साइटवरच भरलं आणि आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय केलं, तिथे कोणी ऑपरेटिंग सिस्टिम विचारली नाही.

फोटोशॉप नाही, हे मात्र ठणकावून सांगते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसही ब्राउझरमधलंच. ज्यांची रोजीरोटी फोटोशॉपवर किंवा मॅक्रोने भरलेल्या एक्सेलवर आहे, त्यांनी माझं ऐकून उडी मारू नये. लिब्रेऑफिस चांगलं आहे, पण तुमच्या बॉसची ती सतरा शीटवाली फाइल त्यात उघडून 'सेम टू सेम' दिसेल असं वचन मी देणार नाही.

सोमवार, सकाळी नऊ

लेख झाला. मराठी टायपिंगचं टेन्शन नव्हतंच, इन्स्क्रिप्टही आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा की-बोर्डही. 'ऱ्य'सुद्धा सुबक उमटतो. पण ज्यांना लेख द्यायचा, त्यांचा नियम होता : युनिकोड नको, आमच्या फाँटमध्येच टाइप करून पाठवा. आपल्याकडच्या कित्येक छापखान्यांचा आणि मासिकांचा कारभार आजही युनिकोडच्या आधीच्या फाँटांवर चालतो हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि तो टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचं. वाइन नावाच्या, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते टाकून बघितलं. उघडलं, पण वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसल्या.

नऊ वाजून वीस मिनिटं. शेवटी तिथल्या उपसंपादक मॅडमना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. लॅपटॉप, पेंग्विन, वेलांट्या, सगळं.

'अगं, मग युनिकोडमध्येच पाठव की,' त्या म्हणाल्या. 'आम्ही आल्यावर कन्व्हर्टरच लावतो. तो नियम दहा वर्षांपूर्वीचा आहे, कोणी बदललाच नाही.'

नऊ पंचवीसला लेख गेला. भाडंही गेलं, वेळेवर.

आता माझ्या लॅपटॉपमध्ये एकच गोष्ट चालत नाही : बोटाचा ठसा घेणारा छोटा सेन्सर. त्याच्या कंपनीने माहिती दिलेली नाही आणि अजून कोणी शोधूनही काढलेली नाही. मित्राने सांगितल्याप्रमाणे मी टर्मिनलमध्ये एक कमांड दिली, सेन्सरचा आठ अक्षरांचा नंबर काढला आणि लिनक्सचे ठशांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या मंडळींना कळवला. चार दिवसांनी कुणाचंतरी दोन ओळींचं उत्तर आलं. हा सेन्सर त्यांच्याकडे नाही. मी तो एकदा विंडोजवर चालवून यूएसबीवरचं संभाषण रेकॉर्ड करून देऊ शकेन का, असं विचारलंय. विंडोज तर मी पुसून बसलेय. ताईच्या नवऱ्याकडे याच मॉडेलचा लॅपटॉप आहे, येत्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला जातेय. तोवर पासवर्ड टाइप करते. त्यात 'ए' तीनदा येतो.